न्यायाच्या शहरातलं वैद्यक

१३०२ सालच्या फेब्रुवारीत उत्तर इटलीतल्या बोलोन्या शहरात अझोलिनो नावाचा एक प्रतिष्ठित नागरिक मरण पावला. मृत्यू संशयास्पद होता आणि विषप्रयोगाची कुजबुज सुरू झाली. प्रकरण न्यायाधीशापर्यंत गेलं. त्या काळात असा संशय आला की साक्षीदार गोळा करायचे, शपथा घ्यायच्या, प्रसंगी संशयिताला यातना देऊन कबुली घ्यायची, हीच रीत होती. बोलोन्याच्या न्यायाधीशानं मात्र शहरातल्या वैद्यांना आणि शल्यवैद्यांना बोलावून प्रेत उघडून बघायला सांगितलं. बार्तोलोमेओ दा वारिन्याना हा विद्यापीठात शिकवणारा नामवंत वैद्य त्यांच्यात होता. त्यांनी प्रेताची तपासणी केली आणि लेखी अहवाल दिला, तो आजही उपलब्ध आहे. मृत्यू विषानं झालेला नाही, यकृताजवळच्या मोठ्या शिरेच्या आसपास खूप रक्त साचलं आणि त्यानं माणूस गेला, असा त्यांचा निष्कर्ष होता. अहवालावर सही करताना त्यांनी आधार दिला तो स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्याचा आणि शरीर उघडून तपासल्याचा.

वैद्यकाच्या इतिहासात या अहवालाला मोठं स्थान आहे. न्यायवैद्यक तपासणीसाठी माणसाचं शरीर उघडल्याची युरोपातली ही अगदी सुरुवातीची लेखी नोंद आहे. मध्ययुगीन युरोप म्हटलं की आपल्यासमोर अंधश्रद्धा, जळवा, ताईत आणि रोगराई एवढंच चित्र येतं. हे सगळं तिथे होतंच. पण त्याच शहरांत वैद्यकाला नियम, परीक्षा, लेखी मत आणि पुरावा यांची शिस्तही लागत होती. ती शिस्त कशी लागली, हे समजून घ्यायचं तर बोलोन्यासारखं शहर नाही. कारण हे शहर मुळात वैद्यांचं नव्हतं. ते कायदेपंडितांचं होतं.

कायद्याच्या सावलीत वाढलेलं विद्यापीठ

बोलोन्याचं विद्यापीठ आपला जन्म १०८८ सालचा मानतं. त्याची कीर्ती पसरली ती रोमन कायद्याच्या अभ्यासामुळे. इर्नेरियस आणि त्याच्या शिष्यपरंपरेनं सम्राट जस्टिनियनच्या कायदेसंहितेवर ओळीओळीनं टीपा लिहिल्या आणि युरोपभरातून तरुण इथे येऊ लागले. परक्या शहरात त्यांना नागरिकत्वाचं संरक्षण नव्हतं. घरमालक मनमानी भाडं मागत आणि एका विद्यार्थ्याचं कर्ज त्याच्याच देशातल्या दुसऱ्याकडून वसूल केलं जाई. म्हणून विद्यार्थ्यांनी संघ बांधले. हे विद्यार्थिसंघ म्हणजेच तेव्हाचं विद्यापीठ. संघाचा प्रमुख, म्हणजे रेक्टर, विद्यार्थीच निवडत, शिक्षकांशी करारही तेच करत आणि तास वेळेवर सुरू झाला नाही तर शिक्षकाला दंड होई.

वैद्यक आणि तत्त्वज्ञान शिकणारे विद्यार्थी या व्यवस्थेत उशिरा आले. कायद्याच्या विद्यार्थ्यांचे संघ प्रबळ होते आणि इतरांनी वेगळा संघ काढणं त्यांना मान्य नव्हतं. बऱ्याच झगड्यानंतर १३१६ च्या सुमारास कला आणि वैद्यक शाखेच्या विद्यार्थ्यांच्या संघाला मान्यता मिळाली. विद्यापीठाला स्वतःची इमारत नव्हती. शिक्षकाचं घर, भाड्यानं घेतलेला दिवाणखाना, नाहीतर एखाद्या मठाची जागा हाच वर्ग. आज पर्यटक बोलोन्यात जी आर्किजिन्नाझिओ नावाची देखणी वास्तू बघतात, ती बांधली गेली सोळाव्या शतकात.

पण या दुय्यमपणाचा वैद्यकाला फायदाच झाला. शेजारी कायद्याचा अभ्यास चालू असताना वैद्यकाच्या वर्गातही तीच पद्धत रुजली. ग्रंथातला उतारा वाचायचा, त्याचे भाग पाडायचे, दोन अधिकारी ग्रंथकारांच्या मतांमधला विरोध दाखवायचा, दोन्ही बाजूंनी युक्तिवाद करायचा आणि शेवटी निर्णय द्यायचा. अ‍ॅरिस्टॉटल म्हणतो की शरीराचा राजा हृदय आहे. गॅलेन म्हणतो की मेंदू आणि यकृत यांचाही स्वतंत्र अधिकार आहे. मग खरं कोणाचं? असे प्रश्न वर्गात जाहीर वादासाठी घेतले जात. आज या वादांतली बरीच मतं चुकीची ठरली आहेत. पण आपलं मत चारचौघांत मांडायचं, त्यावरचे आक्षेप ऐकायचे आणि कारणं देऊन उत्तर द्यायचं, ही सवय त्यातून लागली.

ताद्देओचा वर्ग

बोलोन्याच्या वैद्यकाला प्रतिष्ठा मिळवून दिली ताद्देओ अल्देरोत्ती यानं. तो मूळचा फ्लॉरेन्सचा. १२६० च्या दशकात तो बोलोन्यात शिकवू लागला आणि १२९५ मध्ये मरेपर्यंत इटलीतला सर्वांत प्रसिद्ध वैद्यक शिक्षक राहिला. त्याच्या नावावर मोठमोठ्या फीच्या कथा आहेत. पोपवर उपचार करायला जाताना त्यानं दिवसाला शंभर सोन्याचे फ्लोरिन मागितले, अशी एक कथा नंतरच्या चरित्रकारांनी सांगितली आहे. कथा किती खरी हा भाग वेगळा. पण विद्वान वैद्य श्रीमंत होऊ शकतो, हे लोकांना दिसत होतं. दान्तेनं आपल्या महाकाव्याच्या 'स्वर्ग' खंडात ताद्देओचं नाव घेतलं आहे, तेही ऐहिक लाभासाठी विद्येच्या मागे लागणाऱ्यांच्या संदर्भात.

शिकवण्यासाठी ग्रंथ कोणते होते? पायाभूत होता तो 'आर्टिचेल्ला' नावाचा संग्रह. त्यात हुनैन इब्न इशाकचं प्रवेशपर पुस्तक, हिप्पोक्रेटिसची सूत्रं, गॅलेनचा संक्षिप्त ग्रंथ आणि नाडी व लघवी यांच्या परीक्षेवरच्या छोट्या पुस्तिका होत्या. त्यावर होता इब्न सिनाचा 'कानून', पाच भागांचा प्रचंड ग्रंथ. बाराव्या शतकात स्पेनमधल्या टोलेडो शहरात जेरार्ड ऑफ क्रेमोना यानं अरबीतून त्याचा लॅटिन अनुवाद केला होता. ग्रीकांचं वैद्यक बगदादमध्ये अरबीत गेलं, तिथे वाढलं, नीट मांडलं गेलं आणि मग लॅटिनमध्ये उतरलं. ख्रिस्ती शहरातला विद्यार्थी एका मुस्लिम वैद्याचा ग्रंथ पाठ करत होता आणि त्यात कोणाला गैर वाटत नव्हतं. आपल्याकडे दख्खनमध्ये हकीम जे युनानी वैद्यक करत आले, त्याचाही आधार हाच 'कानून'. म्हणजे बोलोन्यातला विद्यार्थी आणि हैदराबादचा हकीम एकाच ग्रंथाचे वारसदार आहेत.

पुस्तकं महाग होती, कारण ती हातानं लिहिली जात. त्यावर बोलोन्यानं युक्ती काढली होती. ग्रंथाची तपासलेली मूळ प्रत सुट्या जुड्यांमध्ये ठेवायची आणि एकेक जुडी ठरावीक भाड्यानं द्यायची. एकाच वेळी अनेक जण वेगवेगळ्या जुड्या उतरवून घेत. मूळ प्रत अचूक आहे की नाही, हे तपासण्याची जबाबदारी विद्यापीठाची.

वैद्यकाच्या आधी तर्कशास्त्र आणि निसर्गाचं तत्त्वज्ञान शिकावं लागे. ज्योतिषही शिकावं लागे. रोगाचा निर्णायक दिवस कोणता, शीर कोणत्या तिथीला तोडायची, हे ग्रहांवरून ठरवता येतं असं तेव्हाचे विद्वान मानत. १३२० च्या दशकात चेक्को द'आस्कोली हा ज्योतिषी बोलोन्यात शिकवत होता. १३२७ मध्ये फ्लॉरेन्समध्ये त्याला पाखंडी ठरवून जाळण्यात आलं. तेव्हा ज्ञानाच्या कुंपणाबाहेर पाऊल टाकणं किती धोक्याचं असू शकतं, हे विद्यार्थ्यांना ठाऊक होतं.

शिक्षणाच्या शेवटी परीक्षा. उमेदवाराला हिप्पोक्रेटिस किंवा गॅलेन यांच्या ग्रंथातले उतारे नेमून दिले जात. थोड्या तयारीनंतर त्यानं वैद्यांच्या मंडळापुढे त्यांचं विवरण करायचं आणि आक्षेपांना उत्तरं द्यायची. पदवी देण्याचा अधिकार १२१९ पासून बोलोन्याच्या आर्चडीकनकडे, म्हणजे चर्चच्या एका वरिष्ठ अधिकाऱ्याकडे, होता. पोप होनोरियस तिसरा यानं तशी आज्ञा काढली होती. नंतर जाहीर समारंभ, टोपी, अंगठी आणि ग्रंथ. खर्च इतका की अनेक जण शिक्षण पूर्ण करूनही पदवी घेत नसत. स्त्रियांना तर या वाटेनं जाताच येत नव्हतं. बाळंतपणं आणि घरातली आजारपणं त्याच सांभाळत असल्या तरी वर्गाचं दार त्यांना बंद होतं.

रोग्याच्या उशाशी

पदवी घेतलेला वैद्य रोग्याकडे गेला की काय करी? आधी विचारपूस, मग नाडी, मग लघवी. काचेच्या गोल भांड्यातली लघवी उजेडात धरून तिचा रंग, दाटपणा आणि साका बघणारा वैद्य, हे मध्ययुगीन चित्रांमधलं नेहमीचं दृश्य आहे. रक्त, कफ, पिवळं पित्त आणि काळं पित्त या चार देहरसांचा समतोल म्हणजे आरोग्य, अशी मूळ कल्पना होती. प्रत्येक माणसाची प्रकृती वेगळी, त्यामुळे त्याचा समतोलही वेगळा. त्रिदोषांची ओळख असलेल्या मराठी वाचकाला हा विचार फारसा परका वाटणार नाही.

म्हणून उपचाराची सुरुवात पथ्यानं होई. हवा, आहार, झोप, हालचाल, मलविसर्जन आणि मनाची अवस्था या सहा गोष्टी ताब्यात ठेवणं हे वैद्याचं पहिलं काम. त्यानंतर औषधं आणि सगळ्यात शेवटी रक्तमोक्षण, डाग देणं किंवा शस्त्र. ताद्देओनं एका फ्लॉरेन्सवासीयासाठी आरोग्य राखण्यावर छोटं पुस्तक लिहिलं होतं. सकाळी उठल्यावर हातपाय ताणावेत, तोंड धुवावं, दात घासावेत, केस विंचरावेत असे साधे सल्ले त्यात आहेत. मद्याच्या ऊर्ध्वपातनावरही त्यानं लिहिलं. वाफ थंड करण्यासाठी वळणावळणाची नळी कशी वापरायची, याचं वर्णन त्यात येतं. त्यातून मिळणाऱ्या तीव्र अर्काला तो मौल्यवान औषध मानत होता.

ताद्देओची सर्वांत महत्त्वाची देणगी मात्र वेगळीच आहे. त्याच्या नावावर शंभराहून अधिक लेखी वैद्यकीय सल्ले जमा आहेत. रोग्याची स्थिती, लक्षणं, रोगाचं निदान, मग आहार, मग औषधं, अशी त्यांची मांडणी. त्या काळी कायदेपंडित एखाद्या खटल्यावर लेखी मत देत, त्याच धर्तीवर वैद्यांनी रोग्यावर लेखी मत द्यायला सुरुवात केली. ग्रंथ माणसांबद्दल सर्वसाधारण बोलतो, हा सल्ला एका माणसाबद्दल बोलतो. एकाच रोग्याची हकीकत लिहून ठेवायची आणि ती पुढच्या वैद्यांनी वाचायची, ही आज प्रत्येक रुग्णालयात रोज होणारी गोष्ट. तिची एक जुनी मुळी इथे सापडते.

पदवीधर वैद्य थोडे होते आणि त्यांची फी सगळ्यांना परवडणारी नव्हती. सामान्य लोक शल्यवैद्यांकडे, न्हाव्यांकडे, औषधविक्रेत्यांकडे आणि अनुभवी बायकांकडे जात. औषधविक्रेत्याच्या दुकानात मेण, साखर, मसाले आणि औषधं शेजारी शेजारी असत. काळी मिरी, पिंपळी, सुंठ हे भारतातून येणारे जिन्नस इजिप्त आणि व्हेनिसमार्गे तिथे पोचत आणि थेरियाक नावाच्या अनेक घटकांच्या प्रसिद्ध औषधात पडत. इटलीतल्या शहरांत रोगी आणि वैद्य यांच्यात नोटरीसमोर करारही होत. काही रक्कम आधी, उरलेली बरं झाल्यावर. रोगी बरा झाला नाही तर वैद्याला बाकीचे पैसे मागता येत नसत. दक्षिण इटलीत सम्राट फ्रेडरिक दुसरा यानं १२३१ च्या कायद्यात परवान्याशिवाय वैद्यकी करायला बंदी घातली होती. उत्तरेतल्या शहरांत हे काम नगरसभा, वैद्यमंडळं आणि नोटरींच्या वह्या मिळून करत होत्या.

पूविरुद्ध उभा राहिलेला धर्मगुरू

बोलोन्यात शस्त्रक्रियेलाही मान होता आणि ही गोष्ट वेगळी म्हणायला हवी. आल्प्सच्या पलीकडे, विशेषतः पॅरिसमध्ये, शिकलेले वैद्य हातानं काम करणाऱ्यांना खालच्या पायरीवर ठेवत. इटलीत मात्र शल्यवैद्य लॅटिनमध्ये ग्रंथ लिहीत आणि विद्यापीठात शिकवत.

१२१४ मध्ये बोलोन्याच्या नगरसभेनं लुक्का शहरातल्या ह्यूगो नावाच्या शल्यवैद्याशी करार करून त्याला पगारावर नेमलं. तो पुढे बोलोन्याच्या सैनिकांबरोबर धर्मयुद्धात इजिप्तच्या दमिएत्तापर्यंत गेला. जखमा बघण्याची त्याहून मोठी शाळा नव्हती. त्याची पद्धत लिहून ठेवली तेओदोरिको बोर्गोन्योनी यानं. तेओदोरिको हा डॉमिनिकन साधू, पुढे चेर्विया इथला बिशप झाला. १२६० च्या दशकात त्याच्या शस्त्रक्रियेवरच्या ग्रंथाला आकार आला. त्या काळी बहुतेकांची समजूत होती की जखमेत पू होणं हे बरं होण्याचं लक्षण आहे. म्हणून पू यावा यासाठी मलमं लावली जात. तेओदोरिकोनं ठामपणे सांगितलं की ही मोठी चूक आहे. जखम मद्यानं स्वच्छ करावी, आतली घाण आणि मेलेलं मांस काढावं, कडा नीट जुळवाव्यात, स्वच्छ पट्टी बांधावी आणि जखम कोरडी ठेवून भरू द्यावी. अफू, मँड्रेक आणि इतर गुंगी आणणाऱ्या वनस्पतींचा रस शोषलेला स्पंज रोग्याच्या नाकाशी धरून त्याला झोपवायची कृतीही त्यानं दिली आहे.

जंतूंची कल्पना यायला अजून सहाशे वर्षं होती. तरीही निरीक्षणाच्या बळावर हा माणूस योग्य उत्तराच्या अगदी जवळ पोचला होता. दुःखाची गोष्ट अशी की त्याचं ऐकणारे थोडे निघाले. फ्रान्समध्ये आँरी द मोंदव्हिल यानं ही पद्धत उचलून धरली, पण चौदाव्या शतकातला सर्वांत प्रभावी शल्यग्रंथकार गी द शोलियाक याला ती पटली नाही. पुढची कित्येक पिढ्यांची जखमी माणसं पुवानं मेली. अनुभवातून सापडलेलं सत्य टिकायला नुसता एक चांगला ग्रंथ पुरत नाही. ते पुन्हा पुन्हा तपासणारी व्यवस्था लागते आणि ती तेव्हा नव्हती.

अकरा शतकांच्या ग्रंथांसमोर एक शरीर

तपासणीची सुरुवात मात्र झाली होती. तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात बोलोन्याच्या नगरनियमांनी मारहाणीच्या आणि खुनाच्या खटल्यांत वैद्यांचं मत घेण्याची तरतूद केली. जखम प्राणघातक होती की नव्हती, यावर आरोपीची शिक्षा अवलंबून असे. किती जखमा, कुठे, त्यांतली कोणती जीवघेणी, हे वैद्यांनी शपथेवर सांगायचं. बाहेरून बघून सांगता येईना, तेव्हा आत बघण्याची गरज पडली. अझोलिनोचं प्रकरण याच वाटेवरचं. दुसरीकडे साथीच्या रोगात कारण शोधण्यासाठीही शव उघडलं जात होतं. १२८६ मध्ये क्रेमोना शहरात कोंबड्या आणि माणसं मरू लागली, तेव्हा एका वैद्यानं मेलेल्या कोंबड्या आणि मग एका माणसाचं शव उघडून पाहिल्याची हकीकत सालिंबेने या साधूच्या इतिवृत्तात आहे.

न्यायालयातून ही प्रथा वर्गात आणली मोन्दिनो दे ल्युत्झी यानं. तो बोलोन्याच्याच औषधविक्रेत्यांच्या घराण्यातला. १३१६ मध्ये त्यानं 'अनातोमिया' हे छोटं पुस्तक पूर्ण केलं. शव समोर ठेवून कोणत्या क्रमानं काय उघडायचं, याचं हे मार्गदर्शन. १३१५ च्या जानेवारीत आणि मार्चमध्ये आपण दोन स्त्रियांच्या शवांचं विच्छेदन केल्याचं तो स्वतः नमूद करतो. अवयवांचा क्रमही विचारपूर्वक ठरवलेला. पोट पहिलं, कारण ते सर्वांत लवकर कुजतं. मग छाती, मग डोकं, शेवटी हातपाय. शव टिकवण्याचा उपाय नव्हता, म्हणून हे काम हिवाळ्यात आणि झटपट उरकायचं. मोन्दिनोचा शिष्य बेर्तुच्चो हे चार पाठांमध्ये शिकवी. गी द शोलियाक यानं बोलोन्यात ते पाहिलं आणि त्याचं वर्णन लिहून ठेवलं.

चर्चनं शवविच्छेदनावर सरसकट बंदी घातली होती, असा समज आजही पक्का आहे. तो खरा नाही. पोप बोनिफेस आठवा यानं १२९९ मध्ये जो हुकूम काढला, त्याचा रोख दूरदेशी मेलेल्या सरदारांची शवं उकळून हाडं मायदेशी नेण्याच्या प्रथेवर होता. पण त्याची छाया वैद्यकावर पडलीच. कानातली बारीक हाडं उकळल्याशिवाय नीट दिसत नाहीत, पण त्यात पाप आहे म्हणून मी ते सोडून देतो, असं मोन्दिनोनं लिहिलं आहे. बंदी नसतानाही भीती काम करत होती.

आणि डोळ्यांसमोर शरीर असूनही मोन्दिनोला बऱ्याच ठिकाणी ग्रंथच दिसला. गर्भाशयात सात कप्पे असतात, असं त्यानं लिहिलं. मेंदूच्या तळाशी रक्तवाहिन्यांचं एक अद्भुत जाळं असतं, हे गॅलेननं जनावरांवरून सांगितलेलं विधानही त्यानं माणसावर लागू केलं. आज यावर सहज हसता येईल, पण ते अन्यायाचं होईल. कुजत चाललेलं एक शव, थंडीतले तीन-चार दिवस आणि अकरा शतकं प्रमाण मानलेला ग्रंथ यांच्यापैकी ग्रंथावर विश्वास ठेवणं तेव्हा शहाणपणाचंच वाटणार. कुठलाही विद्यार्थी पहिल्यांदा शरीराकडे बघतो तेव्हा त्याला काय बघायचं हे कोणीतरी सांगावंच लागतं. मोन्दिनोनं ते सांगितलं. चुकांसकट का होईना, शरीर समोर ठेवूनच शिकायचं असतं, हा पायंडा त्यानं पाडला.

कोणाची शरीरं?

या पायंड्याची एक काळी बाजू आहे आणि ती लपवता येणार नाही. वर्गासाठी शव मिळवणं कठीण होतं. १३१९ मध्ये बोलोन्यात चार विद्यार्थ्यांवर खटला भरला गेला. फाशी दिलेल्या एका माणसाचं शव त्यांनी रात्री थडग्यातून उकरून काढलं आणि अल्बेर्तो नावाच्या शिक्षकाच्या शाळेत नेलं, असा आरोप होता. पुढे या गोष्टीला नियमांची चौकट आली. कला आणि वैद्यक शाखेच्या १४०५ च्या नियमांनुसार रेक्टरच्या परवानगीशिवाय शव मिळवायचं नाही. पुरुषाच्या शवविच्छेदनाला वीस आणि स्त्रीच्या शवविच्छेदनाला तीस जणांनाच प्रवेश. वैद्यकाची किमान दोन वर्षं झालेली असली पाहिजेत. १४४२ मध्ये ठरलं की शहराच्या अधिकाऱ्यांनी दर वर्षी विद्यापीठाला दोन शवं द्यावीत, एक पुरुषाचं आणि एक स्त्रीचं. अट एवढीच की ती व्यक्ती शहरापासून किमान तीस मैल दूरची असावी.

या शेवटच्या अटीत सारं आलं. विच्छेदनाच्या मेजावर शहरातलं प्रतिष्ठित घराणं येणार नव्हतं. येणार होता तो परगावचा, गरीब, गुन्हेगार ठरलेला, ज्याच्यासाठी रडायला जवळ कोणी नव्हतं असा माणूस. वैद्यकाचं पुढचं सारं ज्ञान अशा अनामिकांच्या शरीरांवर उभं आहे. आज माणसं आपणहून देहदान करतात, त्या दानामागची सहमती किती मोलाची आहे, हे या इतिहासामुळे कळतं.

महामारीची कसोटी

१३४८ मध्ये काळ्या महामारीनं बोलोन्याला गाठलं, तेव्हा या साऱ्या विद्येचा कस लागला आणि ती अपुरी पडली. दूषित हवा, ग्रहांची युती, देहरसांचा बिघाड, अशी कारणं विद्वानांनी दिली. शीर तोडणं, सुगंधी धूर, पथ्य यांतल्या कशाचाही उपयोग झाला नाही. पेरुजिया इथला ख्यातनाम वैद्य जेंतिले दा फोलिन्यो त्याच वर्षी मरण पावला.

तरी एक गोष्ट नोंदवायला हवी. बोलोन्यात शिकलेला गी द शोलियाक तेव्हा आविन्यॉनमध्ये पोपचा वैद्य होता. तो पळून गेला नाही. त्याला स्वतःला रोग झाला आणि तो वाचला. त्यानं लिहून ठेवलं की या रोगाची दोन रूपं दिसली. एकात सतत ताप आणि थुंकीतून रक्त, ते तीन दिवसांत मारतं. दुसऱ्यात ताप आणि काखेत, जांघेत गाठी, ते पाच दिवसांत मारतं. फुप्फुसांचा प्लेग आणि गाठींचा प्लेग यांतला फरक आजचं वैद्यकही असाच सांगतं. त्याला कारण कळलं नाही, उपचार सापडला नाही, पण जे दिसलं ते त्यानं प्रामाणिकपणे वेगळं करून लिहिलं. वर्गात लागलेली शिस्त मरणाच्या सावलीतही सुटली नाही.

ग्रंथाला प्रश्न विचारण्याची वेळ

मोन्दिनोचं पुस्तक जवळजवळ दोन शतकं इटलीत शरीररचनेचं पाठ्यपुस्तक राहिलं. १५२१ मध्ये बेरेंगारिओ दा कार्पी यानं बोलोन्यातच त्याच्यावर मोठं भाष्य प्रसिद्ध केलं आणि स्पष्ट सांगितलं की मेंदूखालचं ते अद्भुत जाळं आपल्याला माणसात सापडलेलं नाही. जानेवारी १५४० मध्ये बोलोन्यात एक जाहीर विच्छेदन झालं. वयोवृद्ध प्राध्यापक मात्तेओ कोर्ती मोन्दिनोच्या पुस्तकावर व्याख्यान देत होते आणि पंचविशीतला आंद्रेआस व्हेसेलियस शव उघडून दाखवत होता. तिथे हजर असलेल्या एका जर्मन विद्यार्थ्यानं टिपणं काढली, त्यांतून दोघांमधले खटके आजही वाचता येतात. कोर्ती गॅलेनच्या शब्दावर अडून बसत आणि व्हेसेलियस त्यांना समोरच्या शरीराकडे बघायला सांगे. तीनच वर्षांनी व्हेसेलियसचा महाग्रंथ निघाला आणि शरीररचनाशास्त्राची घडी बदलली.

आधुनिक शास्त्राचा उदय सांगताना आपण बहुतेक वेळा इथून सुरुवात करतो, जणू त्याआधी अंधार होता. पण व्हेसेलियसला जे मेज मिळालं, जी परवानगी मिळाली, जो प्रश्न विचारणारा श्रोतृवर्ग मिळाला, ते सारं आधीच्या अडीचशे वर्षांत घडलेलं होतं. शव उघडण्याची मुभा आधी न्यायाधीशानं दिली. मत लेखी द्यायची सवय कायदेपंडितांकडून आली. वाद जाहीरपणे घालायची शिस्त वर्गातून आली. रोगी बरा झाला तरच उरलेली फी, ही अट नोटरीच्या कागदानं घातली. मध्ययुगीन बोलोन्यातल्या वैद्यांनी फार थोडे रोगी खऱ्या अर्थानं बरे केले असतील. पण आपल्या शब्दाला जबाबदार राहणारा, विचारलं तर कारण सांगणारा आणि पाहिलेलं लिहून ठेवणारा वैद्य त्यांनी घडवायला घेतला. औषधं बदलतात, सिद्धान्त चुकीचे ठरतात. वैद्याला हिशेब विचारता येईल अशी व्यवस्था असली की त्या चुका दुरुस्त होण्याची वाट मोकळी राहते. ती व्यवस्था उभी करणाऱ्यांमध्ये वैद्यांइतकाच शहराचा, न्यायालयाचा आणि प्रश्न विचारणाऱ्या विद्यार्थ्यांचा वाटा होता. चांगलं वैद्यक हवं असेल तर चांगले डॉक्टर लागतातच, आणि त्यांना जाब विचारू शकणारा समाजही लागतो.